पडद्यावरची भिंत, हातातली वीट

घर बांधायचं ठरलं की आपण वास्तुविशारदाकडे जातो. तो जागा बघतो, आपल्या गरजा ऐकून घेतो आणि काही दिवसांनी कागदांची एक गुंडाळी आपल्या हातात ठेवतो. त्या गुंडाळीत नकाशे असतात. पुढचं सगळं काम करतात ती माणसं वेगळीच. गवंडी, सुतार, सळई बांधणारे, फरशी बसवणारे. म्हणजे नीट पाहिलं तर वास्तुविशारद घर बांधत नाही, तो घराचं चित्र काढतो. चित्र काढणारा आणि घर बांधणारा यांच्यामध्ये एक दरी आहे. ती इतकी जुनी आहे, की आता ती आपल्याला दिसतही नाही. संगणक आणि संगणकावर चालणारी यंत्रं वास्तुकलेच्या शिक्षणात आली, त्यानंतर या दरीचं काय झालं आणि काय होऊ शकतं, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

ही दरी पूर्वीपासून नव्हती. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने १४२० ते १४३६ या काळात उभा केला. ब्रुनेलेस्की मुळात सोनारकाम शिकलेला. घुमटाची कल्पना त्याची, आणि विटा-दगड वर चढवणारी यंत्रंही त्यानेच तयार केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच देशातल्या लिओन बातिस्ता अल्बेर्ती याने वास्तुकलेवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १४८५ मध्ये छापून निघाला. इमारतीची कल्पना करणं आणि तिच्या रेषा ठरवणं हे बुद्धीचं काम, आणि सुतार म्हणजे वास्तुविशारदाच्या हातातलं एक साधन, असा त्याचा विचार होता. पुढे युरोपात हाच विचार रुजला आणि तिथून तो आपल्याकडे आला.

आपल्या शिक्षणाची सुरुवातच पाहा ना. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८९६ मध्ये नकाशे काढणाऱ्यांचा, म्हणजे ड्राफ्ट्समनचा वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे १९१३ मध्ये वास्तुकलेचं शिक्षण उभं राहिलं आणि देशातली या विषयाची पहिली संस्था तयार झाली. म्हणजे पाया घातला गेला तो रेघेचा. आजही पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी बांधकामाच्या पद्धती शिकतात, साईटवर जाऊन येतात, काही महिने एखाद्या कार्यालयात काम करतात. पण बहुतेक गुण मिळतात ते भिंतीवर टाचलेल्या शीटला. वीट हातात न घेता पाच वर्षं पार पडू शकतात.

मग संगणक आला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने १९६३ मध्ये 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम केला. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेघ काढता येत होती, आणि दोन रेघा समांतर राहू देत असं सांगितलं की त्या समांतर राहत होत्या. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि १९९० च्या दशकात आपल्याकडच्या कार्यालयांतही ते स्थिरावलं. टी-स्क्वेअर गेला, रोटरिंग पेन गेलं, चुकलेली शाई ब्लेडने खरवडणं गेलं. सोय फार झाली. पण दरी होती तिथेच राहिली, किंबहुना थोडी रुंदच झाली. कागदावर काढताना निदान हाताला अंदाज असायचा की ही रेघ म्हणजे नऊ इंची भिंत आहे. पडद्यावर भिंतीला वजन नसतं. ती पाहिजे तशी वाकते, हवेत तरंगते, आणि संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसते. ती कशाची आहे आणि ती उभी कोण करणार, हे प्रश्न पडदा विचारत नाही.

खरा बदल झाला तो दुसऱ्या बाजूने, कारखान्यातून. आकड्यांच्या आज्ञा वाचून धातू कापणारं यंत्र एमआयटीमध्येच १९५२ साली दाखवलं गेलं होतं. विमानं आणि मोटारी बनवणाऱ्यांनी ते उचललं. अशा यंत्राला नकाशा समजावून सांगावा लागत नाही. पडद्यावरची रेघ हीच पात्याची वाट होते. इमारतींच्या जगात हे जगाला दिसलं ते फ्रँक गेरी यांच्या कामातून. बार्सिलोनाच्या समुद्रकाठी १९९२ च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी एक मोठा धातूचा मासा उभा केला. त्याची वळणं नेहमीच्या नकाशात मावेनात, तेव्हा त्यांच्या कार्यालयाने विमानांच्या आराखड्यांसाठी बनवलेलं 'कॅटिया' हे फ्रेंच सॉफ्टवेअर घेतलं. पुढे १९९७ मध्ये स्पेनमधल्याच बिल्बाओ शहरात गुगेनहाइम संग्रहालय उघडलं, तेही याच पद्धतीने उभं राहिलं. त्याच्या वळत्या भिंतींवर टायटॅनियमचे हजारो पत्रे आहेत.

आता हीच यंत्रं शाळेत आणली तर विद्यार्थी काय शिकतो? सगळ्यात साधं उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याला प्लायवूडचं एक स्टूल करायचंय, खिळा आणि डिंक न वापरता. तो पडद्यावर खाच काढतो आणि तिच्यात बसणारा चौकोनी दांडा काढतो. खाच अठरा मिलिमीटर, कारण प्लाय अठराचा. पडद्यावर दोन्ही बिनचूक बसतात. मग फाइल यंत्राकडे जाते, गोल फिरणारं पातं लाकूड कोरतं, आणि तुकडे हातात येतात. दांडा खाचेत जात नाही. का? कारण पातं गोल आहे. गोल पातं आतला कोपरा कधीच काटकोनात कापू शकत नाही, तिथे थोडी गोलाई राहतेच. शिवाय अठराचा म्हणून आणलेला प्लाय मोजला तर अनेकदा थोडा कमी भरतो. म्हणजे कोपऱ्यात खाच अडते आणि बाजूने सैल राहते. मग विद्यार्थी शिकतो, की खाचेच्या कोपऱ्यात पात्याला जायला छोटी गोल जागा ठेवावी लागते, आणि कापण्याआधी प्लाय मोजावा लागतो. लेसरने कापताना त्याला कळतं, की प्रकाशाच्या किरणालाही जाडी असते, तो कापतो तेवढं लाकूड जळून जातं. पीव्हीसीचा पत्रा लेसरखाली कधीच घालायचा नसतो, कारण त्यातून विषारी वायू निघतो, हेही तो तिथेच शिकतो.

कोणत्याही सुताराला यात नवीन काही वाटणार नाही. करवत चालली की भुसा पडतो आणि तेवढी जागा जाते, हे तो पहिल्या वर्षीच शिकलेला असतो. पण वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला हा धडा आजवर मिळतच नव्हता, कारण त्याची रेघ कधी लाकडाला लागत नव्हती. माझ्या मते या यंत्रांचं शाळेतलं खरं मोल हेच आहे. चुकलेली रेघ ताबडतोब हातात येते आणि तिची सबब सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडमधलं. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात फाबियो ग्रामात्सिओ आणि मात्थियास कोहलर या दोन वास्तुविशारदांनी २००५ मध्ये एक प्रयोगशाळा सुरू केली. मोटारींच्या कारखान्यात असतो तसा यंत्रहात त्यांनी आणला आणि त्याच्याकडून विटा रचून घ्यायला सुरुवात केली. २००६ मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी चार आठवड्यांच्या कार्यशाळेत भिंती केल्या. भिंत तीन मीटर लांब, दोन मीटर उंच, विटा चारशेहून जास्त. प्रत्येक वीट शेजारच्या विटेपेक्षा किंचित वेगळ्या कोनात वळलेली. गवंड्याला असं करायचं तर प्रत्येक वीट मोजून ठेवावी लागेल. यंत्राला सरळ वीट आणि तिरकी वीट सारखीच.

पण गंमत वेगळीच आहे. चारशे विटांचे चारशे कोन चित्रात काढत बसणं शक्य नव्हतं. विद्यार्थ्यांना चित्राऐवजी नियम लिहावा लागला. पूर्वी मासिकांत लोकरीच्या स्वेटरचे नमुने छापून येत, ते आठवा. दोन सुलट, दोन उलट, पुढच्या ओळीत एक टाका सरकवा. त्या चार ओळींत अख्खा स्वेटर असायचा. विणणारी बाई एक शब्द बदलायची आणि नक्षी बदलायची. भिंतीचा प्रोग्राम म्हणजे तसाच विणीचा नमुना. मात्र नियम लिहिणाऱ्याला वीट किती सरकवली तर वरची वीट टेकणार नाही हे माहीत असावं लागतं, नाहीतर यंत्र निमूटपणे ती हवेत ठेवायला जातं. त्याच वर्षी फ्लेश या गावातल्या गांटेनबाइन यांच्या द्राक्षमद्याच्या इमारतीला या पद्धतीने तयार केलेल्या भिंती लागल्या. सुमारे वीस हजार विटा. विटांमधल्या फटींतून उजेड आणि हवा बेताने आत येते, आणि लांबून पाहिलं तर भिंतीवर मोठाल्या द्राक्षांचा भास होतो.

जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यापीठात आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स यांच्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी २०१० मध्ये एक मंडप केला, तोही सांगण्यासारखा आहे. साडेसहा मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायच्या लांब पट्ट्या वाकवून त्यांनी तो उभा केला. तुकडे पाचशेहून अधिक, आणि प्रत्येकाचा आकार वेगळा. इतकी पातळ पट्टी छप्पर धरते कशी? आपल्याकडच्या बुरुडाला विचारा. बांबूची कांब वाकवून अडकवली की तिच्यात ताण राहतो आणि टोपली घट्ट होते. स्टुटगार्टच्या मुलांनी आधी प्लायच्या पट्ट्या प्रत्यक्ष वाकवून पाहिल्या, किती जोर लावला तर किती वाकतात ते मोजलं, आणि ती मोजमापं संगणकाला दिली. म्हणजे लाकडाचा स्वभाव आधी आणि आकार नंतर. नेहमीचा क्रम उलटा असतो.

मला सगळ्यात आवडतं ते इंग्लंडमधलं काम. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुकलेच्या शाळेचं डॉर्सेट परगण्यात हूक पार्क नावाचं जंगल आहे. तिथे विद्यार्थी राहतात, आराखडे करतात आणि स्वतः बांधतात. २०१६ मध्ये त्यांनी लाकडाच्या चिपा साठवायला एक कोठार बांधलं. लाकूडकामात झाडाचा सरळ बुंधा वापरतात आणि बेचकं, म्हणजे दोन फांद्या फुटतात तो भाग, जळणाला जातो. पण झाडाने आयुष्यभर दोन फांद्यांचा भार ज्या जागी पेलला, ती जागा कच्ची कशी असेल? तिथे लाकडाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. विद्यार्थ्यांनी जंगलातल्या बीचच्या उभ्या झाडांच्या अनेक बेचक्यांची छायाचित्रं घेऊन यादी केली. त्यांतली थोडीशी निवडून तोडली आणि तिन्ही बाजूंनी संगणकात उतरवली. कोणतं बेचकं कमानीत कुठे बसेल हे प्रोग्रामने जुळवलं, आणि सांध्यांपुरतंच लाकूड यंत्रहाताने कोरलं. बाकीचं झाड जसं होतं तसंच राहिलं.

हे वाचताना एक मराठी शब्द आठवल्यावाचून राहत नाही. मेढ. वरच्या टोकाला बेचकं असलेला खांब म्हणजे मेढ. ती जमिनीत रोवायची आणि बेचक्यात आडवं लाकूड टेकवायचं. खोपी, गोठे, मांडव असेच उभे राहत आले. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ मुहूर्तावर रोवायची म्हणून ती मुहूर्तमेढ, आणि आता कुठल्याही कामाचा आरंभ झाला की आपण मुहूर्तमेढ रोवली असं म्हणतो. शब्द उरला, बेचकं विसरलं. रानात फिरून योग्य बेचकं हेरणारा माणूस डोळ्याने जे करत होता, तेच हूक पार्कमध्ये कॅमेरा आणि प्रोग्राम करत होते. फरक एवढाच, की विद्यापीठाने त्या कामाला ज्ञान मानलं आणि त्याला गुण दिले.

हे सगळं परदेशातलं, तिथे पैसा आहे, आपल्याला कसं परवडणार, असं कुणी म्हणेल. तर ऐका. एमआयटीत नील गर्शनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये 'जवळपास काहीही बनवायला शिका' अशा अर्थाच्या नावाचा एक वर्ग सुरू केला. त्यातून छोट्या कार्यशाळांची कल्पना निघाली. लेसर कटर, कोरणारं यंत्र, थोडी इलेक्ट्रॉनिक्सची अवजारं, आणि कुणीही यावं, करून पाहावं. यांनाच पुढे फॅब लॅब म्हणू लागले. एमआयटीच्या बाहेर अशी सुरुवातीची कार्यशाळा २००२ मध्ये निघाली, ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला होता. शाळेत नापास झालेल्या, शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करत करत विज्ञान शिकवायचं, हा त्यांचा मार्ग. वेल्डिंग करताना वीज समजते, बांधकाम करताना भूमिती समजते.

आणि बांधकाम तिथे खरोखरच चालत होतं. पाबळचा घुमट अनेकांनी पाहिला असेल. लोखंडी अँगलचे ठरावीक मापाचे तुकडे त्रिकोणांत जोडायचे, त्यावर जाळी बांधून सिमेंटचा गिलावा करायचा. तुकड्यांची मापं अचूक असली की गावातली मुलंही तो उभा करू शकतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर अशा घुमटांकडे लोकांचं लक्ष गेलं. मापं गणिताने ठरवायची, तुकडे कारखान्यासारखे कापायचे आणि जोडणी गावकऱ्यांनी करायची, हा विचार संगणकाचं यंत्र येण्याआधीच तिथे रुजलेला होता. म्हणून यंत्र आल्यावर ते परकं वाटलं नाही.

अहमदाबादचं आणखी एक उदाहरण देतो. पुण्यात जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी, आणि पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन, या दोघांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'अमदावाद नी गुफा' उभी केली. एकमेकांत मिसळलेले घुमट, कुठेही सरळ भिंत नाही. त्याची रचना सोडवायला संगणकाची मदत घेतली गेली. त्यामुळे फेरोसिमेंटचं कवच अवघ्या इंचभर जाडीचं ठेवता आलं. आणि ते घडवलं कुणी? आदिवासी मजुरांनी, साध्या हातअवजारांनी. संगणक आणि थापी एकाच कामावर होती, आणि दोघांपैकी कुणाचंच त्यात काही बिघडलं नाही. दोशी यांना २०१८ मध्ये वास्तुकलेचा सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

आता आपल्या महाविद्यालयांकडे वळू. अनेक ठिकाणी लेसर कटर आले आहेत, त्रिमिती छपाईची यंत्रं आली आहेत. पाहुणे आले की ती दाखवली जातात. पण बऱ्याचदा यंत्र कुलपाआड असतं, चालवायला एकच माणूस असतो, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री बाहेर रांग लागते. विद्यार्थी फाइल देतो आणि कापलेले तुकडे घेऊन जातो. यंत्राला हातच लागत नाही. मग ते यंत्र म्हणजे महागडा छपाईखाना झाला. त्यावर इमारतींच्या सुबक प्रतिकृती निघतात, पण दरी जिथली तिथे.

याउलट बाहेर काय चाललंय ते पाहा. जिल्ह्याच्या गावातही आज लाकूड कोरणारं संगणकी यंत्र सापडतं. देवघराच्या मागची जाळी, दारावरचा गणपती, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्यावर निघतं. ही यंत्रं चालवणारी मुलं बऱ्याचदा सुतारांच्या घरातलीच असतात. कोणता प्लाय फाटतो, कोणतं पातं कुठे जळतं हे त्यांना तोंडपाठ असतं. कारागिराने यंत्र आपलंसं केलं आहे. महाविद्यालयाने कारागिराला अजून आपलंसं केलेलं नाही.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला मोठी रक्कम लागत नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने एक सांधा आधी हाताने करावा, पटाशी आणि हातोडी घेऊन, आणि मग तोच सांधा यंत्रावर करावा. शिकवायला सुतारमिस्त्री असावा, आणि त्याला शिक्षकाचं मानधन मिळावं, रोजंदारी नव्हे. यंत्राची खोली दिवसभर उघडी असावी आणि सुरक्षेचे नियम शिकवून मुलांना ते स्वतः चालवू द्यावं. वर्षातून एकदा तरी, प्रतिकृती न करता, खऱ्या मापाची एखादी वस्तू करावी. बसस्टॉपवरचं बाक, अंगणवाडीचा ओटा, पाणपोईचं छप्पर. आणि ती वापरणाऱ्या माणसांनी तिच्यावर मत द्यावं. बिघडलेले तुकडे फेकून न देता तेही परीक्षकांपुढे मांडावेत. विद्यार्थी किती शिकला हे त्यातच जास्त दिसतं.

याचा तुमच्या-माझ्याशी संबंध आहे. आपली घरं, शाळा, दवाखाने उद्या हीच मुलं आखणार आहेत. साईटवर नकाशात न बसणारी गोष्ट निघाली, की आज गवंडी आपल्या अकलेने मार्ग काढतो आणि त्याचं श्रेय त्याला मिळत नाही, चूक झाली तर दोष मात्र मिळतो. ज्याने एकदा तरी स्वतःची खाच अडलेली पाहिली आहे, तो वास्तुविशारद त्या गवंड्याशी वेगळ्या सुरात बोलेल. अल्बेर्तीने सुताराला साधन म्हटलं, त्याला पाचशे वर्षं उलटून गेली. आता साधन म्हणायला यंत्र आलं आहे. सुताराला माणूस आणि गुरू म्हणायला हरकत नसावी.